बारा खोल्या, एक फडकं

तिचं नाक मुळात एखाद्या फौजदाराचं असावं आणि चुकून तिला लागलं असावं, असं तिचा नवरा म्हणायचा. तीन घरं पलीकडे दूध लागलं की हिला इथे कळायचं. जावेने परवाची भाजी आज गरम करून वाढली, तर ताट पुढ्यात यायच्या आधीच हिच्या कपाळावर आठ्या. माहेरी, सासरी, शेजारी, सगळीकडे तिचं एकच नाव पडलं होतं, नाकवाली. खरं नाव आता रेशनच्या कागदापुरतं.

अशी ही बाई पार उत्तरेकडच्या त्या शहरात राहायला गेली. ज्याचे फोटो लोक कॅलेंडरवर लावतात, ते शहर. मधोमध मोठं तळं, भोवती देवदार, मागे बर्फाचे डोंगर. तळ्यात पर्यटकांच्या मोटारबोटी फिरतात, त्यांची इंजिनं दुरुस्त करायला धक्क्यावर मिस्त्री हवा होता आणि हिचा नवरा मिस्त्री होता. नातेवाईक म्हणाले, नशीब काढलंत हो. जाऊबाई म्हणाल्या, आता काय, आम्हाला ओळख दाखवाल की नाही कोण जाणे.

बसमधून उतरल्यावर मिस्त्री हात पसरून म्हणाला, "घे, छाती भरून श्वास घे. असली हवा कुठे मिळायची?"

तिने घेतला. चुकलंच. कुजलेलं शेवाळ, डिझेल, मासळीची आतडी, भिजलेलं कुत्रं आणि या सगळ्यावर कुणीतरी शिंपडलेलं स्वस्तातलं फिनेल, असा पाच पदरी वास तिच्या डोक्यात जाऊन बसला. लोक कठड्याला टेकून फोटो काढत होते. हिला कठड्याखालचा पाइप दिसला. हॉटेलांचं सांडपाणी त्यातून गुपचूप तळ्यात उतरत होतं आणि त्या तोंडाशी राखाडी फेस साचला होता. फेसावर एक बदक बसलं होतं, अगदी समाधानात.

"काय सुंदर बदक आहे," मिस्त्री म्हणाला.

"शी," ती म्हणाली.

घरमालकाने खोली दाखवताना सांगितलं होतं की तळ्याचा देखावा आहे. होता की. संडासात जाऊन भांड्याच्या कडेवर उभं राहिलं आणि झरोक्याला नाक लावलं, की तळ्याची एक निळी चकती दिसायची. बाकी घर म्हणजे दोन खोल्या, रस्त्याच्या पातळीच्या खाली, मागची भिंत थेट डोंगराला टेकलेली. ती भिंत दिवसभर घामेजायची. कपाट सरकवलं तर मागे काळी लव उगवलेली, हात लावला की बोटाला मऊ लागणारी. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या बुटाच्या शिवणीतून दोन बारीक छत्र्या वर आल्या. पाव सकाळी आणला तर दुसऱ्या सकाळी हिरवा. उशीला वास, गादीला वास, धुऊन वाळत घातलेल्या कपड्यांनाही वास, कारण ते वाळायचेच नाहीत, नुसते गार व्हायचे.

आणि या सगळ्यात सासूबाई. सासूबाईंना दमा. पहिल्या महिन्यातच त्यांच्या छातीत पेटी वाजायला लागली. डॉक्टर स्पष्ट बोलणारा निघाला. म्हणाला, "थंडी पडायच्या आत यांना कोरडी खोली बघा. त्या घरात यांचा हिवाळा निघणार नाही. नाहीतर खाली, दुसऱ्या मुलाकडे पाठवा."

दुसरा मुलगा म्हणजे थोरले दीर. तिथे सासूबाई आधी दोन वर्षं राहिल्या होत्या, बोळात, पडद्यामागे. जाऊबाई त्यांच्याशी थेट बोलायच्या नाहीत, मुलांकरवी निरोप धाडायच्या. "आजीला सांग, खोकायचं असेल तर गॅलरीत जा म्हणावं."

"मी जाईन हो," सासूबाई म्हणाल्या. "माझं काय, आज आहे उद्या नाही. पडद्यामागे मेले काय नि भिंतीमागे मेले काय."

"आई, तुम्ही कुठे जात नाही," नाकवाली म्हणाली. "आणि आधी ते नाक बाहीला पुसू नका."

आता हे नीट ऐका, कारण वरवर बघणाऱ्याला या दोघी एकमेकींच्या वैरिणी वाटतात. एकोणीस वर्षं भांडल्या होत्या. सासूबाई भांडी घासायच्या मोरीत खाकरायच्या, बाहीला नाक पुसायच्या, त्याच हाताने पिठाच्या डब्यात वाटी घालायच्या. नाकवालीला मळमळायचं. पण लग्नानंतर पहिल्याच महिन्यात हिला कावीळ झाली, तेव्हा हिची ओकारी तीन आठवडे कुणी उपसली? सासूबाईंनी. नाक न मुरडता. वर तोंडाने शिव्या देत, "माहेरच्यांनी किडका माल दिला" म्हणत, पण उपसली. ते ही विसरली नव्हती. सासूबाईही विसरल्या नव्हत्या, महिन्यातून दोनदा आठवण करून द्यायच्या.

तर कोरडी खोली हवी होती. आणि ती कुठे मिळेल, हेही कळलं. तळ्याकाठच्या सगळ्यात मोठ्या हॉटेलच्या मागे, चढावर, कामगारांची घरं होती. धुलाईघराच्या गरम पाण्याचा पाइप त्यांच्या जमिनीखालून जायचा, म्हणून थंडीतही फरशी कोमट आणि भिंती खडखडीत. एक घर नुकतंच रिकामं झालं होतं, म्हातारा आचारी निवृत्त झाला होता. मात्र घर मिळणार कायम झालेल्यालाच, आणि कायम होणार तीन महिन्यांच्या उमेदवारीनंतर. हॉटेलात खोल्या आवरायला बायका हव्या होत्या. नाकवालीने अर्ज टाकला.

"तू?" मिस्त्री म्हणाला. "तू लोकांचे संडास धुणार? अगं, तू माझ्या टॉवेलला हात लावत नाहीस."

"तुमच्या टॉवेलला कुणीच लावणार नाही."

पहिल्या दिवशी मुकादमबाईंनी नियम सांगितला. या मुकादमबाई म्हणजे खोल्या आवरणाऱ्या सगळ्या बायकांच्या वरच्या, उंच, किडकिडीत, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. "पाहुणे अकराला जातात, नवे दोनला येतात. काही खोल्या सकाळपासून मोकळ्या असतात. दोनच्या आत बारा खोल्या. ज्या बाईच्या बारा होतात ती राहते. ज्या बाईच्या होत नाहीत तिचं नाव मी लक्षात पण ठेवत नाही."

पहिल्या दिवशी नाकवालीच्या पाच झाल्या.

त्याला कारण होतं तिचं नाक आणि तिचे डोळे. पाहुणे, म्हणजे बाहेर तळ्यावर ज्यांचे पांढरे कपडे आणि मंद हसू बघून आपल्याला आपली लाज वाटते ती माणसं, खोलीत काय करून जातात ते फक्त खोली आवरणारीला कळतं. खिडकीच्या कट्ट्यावर, डोंगर बघत बघत, पायाची नखं कापलेली. सगळी दहा, ओळीने. उशीच्या अभ्र्याला चिकटलेली अर्धी चोखलेली गोळी. न्हाणीच्या जाळीत केसांचा गोळा, ओढला की मेलेल्या उंदराच्या शेपटीसारखा लांबत येणारा, शेवटी साबणाचा बुळबुळीत ओघळ घेऊन. टेबलाच्या खालच्या बाजूला च्युइंगगम, त्याला दातांचे ठसे. चहाच्या किटलीत उकळलेले मोजे. हो, मोजे. एका नवविवाहित जोडप्याने किटलीत मोजे उकळले होते आणि जाताना अभिप्रायाच्या वहीत लिहिलं होतं, स्वच्छता अप्रतिम.

नाकवाली पाच फडकी घेऊन फिरायची. कमोडचं वेगळं, बेसिनचं वेगळं, फरशीचं, टेबलाचं आणि ग्लासचं वेगळं. प्रत्येकाला निराळ्या रंगाचा दोरा. ग्लास साबणाने धुवायची, उजेडात धरून बघायची, पुन्हा धुवायची. महिनाभरात कशीबशी सातवर आली.

तिच्या जोडीला दिलेली बाई मात्र साडेबारालाच मोकळी होऊन जिन्यात पाय पसरून बसायची. तिला सगळे झटपट म्हणायचे. गोल चेहरा, सदा हसरी, कामाला वाघ. एके दिवशी नाकवालीने विचारलं, "तुझं जमतं तरी कसं गं?"

"फडकी मोजत नाही ना मी," झटपट म्हणाली. "ये, दाखवते."

दाखवलं. एक फडकं. ओलं केलं, फवारा मारला, कमोडची बैठक पुसली, कडा पुसली, आतून एक वळसा. तेच बेसिनला. तेच नळाला. तेच आरशाला. मग टेबल. मग शेवटी तेच फडकं चिमटीत घेऊन पाण्याच्या ग्लासात खुपसलं, गरगर फिरवलं, बाहेर काढलं, फुंकर मारली आणि ग्लास उपडा करून त्यावर ती कागदाची पांढरी टोपी घातली. टोपीवर छापलेलं, आपल्या आरोग्यासाठी निर्जंतुक.

"ग्लास शेवटी का?" नाकवालीने विचारलं. तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"तोवर फडकं जरा सुकतं. कोरड्या फडक्याने चकाकी येते."

नाकवाली न्हाणीत गेली आणि ओकली. झटपटने ते लगेच पुसून घेतलं. कशाने, ते विचारू नका.

"सगळ्या असंच करतात?"

"बारा करणाऱ्या सगळ्या. तुला काय वाटलं, मुकादमबाईला ठाऊक नाही? तीच शिकवून गेली मला."

त्या दिवसापासून नाकवालीने हॉटेलात पाण्याचा थेंब घेतला नाही. घरून बाटली न्यायची. पण खोल्या सातच्या आठ होईनात. अडीच महिने सरले, डोंगरावरचा बर्फ रोज हातभर खाली येत चालला. घरात सासूबाई आता आडव्या झोपू शकत नव्हत्या, खुर्चीत बसून उशीला मिठी मारून डुलक्या घ्यायच्या. मुकादमबाईंनी जिन्यात गाठून सांगितलं, "येत्या सोमवारपासून बारा. नाहीतर मग येऊच नकोस. आचाऱ्याच्या घरासाठी माझ्याकडे दुसरी बाई आहे."

मिस्त्रीने थोरल्या भावाला फोन लावला. फोनवर जाऊबाई होत्या. त्या म्हणाल्या, पाठवा की, पडदा अजून तिथेच आहे.

"एक फडकं घे," मिस्त्री म्हणाला. "ते पाहुणे तुझे कोण लागतात?"

"कुणी नाही. पण तोंड तर माणसाचंच आहे ना."

"आणि ही छाती कुणाची आहे?" त्याने आईकडे हात केला. सासूबाई उशीवरून म्हणाल्या, "मला मधे घेऊ नका. मला काय, मी जाते," आणि एवढं बोलल्याने त्यांना जी धाप लागली ती पाव तास बसेना.

सोमवारी नाकवालीने एक फडकं घेतलं.

पहिला ग्लास तिने तोंड फिरवून पुसला. चौथा बघत पुसला. आठव्या खोलीत ती गुणगुणत होती आणि स्वतःचं गुणगुणणं ऐकून तिच्या अंगावर काटा आला. एक वाजता बारा खोल्या झाल्या. मुकादमबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदा बघितलं, म्हणजे माणसाकडे बघतात तसं. नाकवाली घरी आली, हात कोपरापर्यंत तीनदा घासले, जेवायला बसली आणि उठली. स्वतःच्याच हाताचा वास येत होता. फिनेलचा नाही, साबणाचा नाही. तिने आजवर लोकांचे सतराशे वास ओळखले होते, हा तिचा स्वतःचा होता आणि सगळ्यात घाण होता.

"तुला काय झालंय?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. बारा झाल्या."

आता उरली होती पाहणी. या हॉटेलात जुना रिवाज होता. कायम करण्याआधी मालकीणबाई स्वतः यायच्या. वय पंचाहत्तरच्या पुढे. शेवटच्या आठवड्यात कुठल्याही दिवशी, न सांगता, त्या बाईने आवरलेली कुठलीही खोली निवडायच्या, तिथल्या खुर्चीत बसायच्या, जगमधलं पाणी दोन ग्लासांत ओतायला लावायच्या. एक आपण घ्यायच्या, एक त्या बाईला द्यायच्या. बरोबर प्यायचं. मग सही.

"अगं, सोपं आहे," झटपटने समजावलं. "ॲप्रनच्या खिशात एक नीट धुतलेला ग्लास ठेवायचा. त्या आत येताना तू पडदे उघडायला पुढे जायचं आणि बदलायचा. तो त्यांच्या बाजूला. त्या नेहमी तळ्याकडे पाठ करून बसतात, पाण्यावरची तिरीप डोळ्यांत जाते म्हणून."

"आणि माझा?"

"तुझा तू प्यायचा. मी प्यायले. मेले का?"

"दोन ठेवते ना खिशात."

"दोन खणखणतात. मागच्या वर्षी एकीचे खणखणले, तिला वाटेतूनच घरी पाठवली."

गुरुवारी त्या आल्या. बाहेर दाट धुकं, तळंबिळं सगळं गायब, जसं कुणी मळकं पांघरूण टाकलंय. मालकीणबाईंनी काठीने दार दाखवलं, "ही."

त्या खोलीतल्या पाहुण्याचं आदल्या रात्रीपासून पोट बिघडलेलं होतं. सकाळी तिथे जे आवरलं ते नाकवालीने श्वास धरून आवरलं होतं, आणि त्याच फडक्याने, झटपटच्या त्याच क्रमाने, शेवटी ग्लास. ती पुढे झाली, पडदे ओढले, खिशातला ग्लास काढून खिडकीकडे पाठ असलेल्या खुर्चीसमोर ठेवला, तिथला खिशात सारला. सुरेख जमलं. मागे वळली तर मालकीणबाई समोरच्या खुर्चीत बसलेल्या.

"आज धुकं आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्यांना त्रास नाही. आज इकडेच बसते. तू बस तिकडे. ओत."

नाकवालीने ओतलं. दोन ग्लास. चांगला तिच्यासमोर, दुसरा त्यांच्यासमोर. काही करायचं नव्हतं. आपला उचलायचा, प्यायचा, सही घ्यायची, संध्याकाळी सासूबाईंची गादी बांधायची. दार उघडं होतं, दारात मुकादमबाई उभ्या. मालकीणबाईंनी ग्लास उचलला. त्यांच्या गळ्याची सैल कातडी गिळायच्या तयारीने हलली, अगदी घरच्या म्हातारीची हलते तशी.

नाकवालीने हात लांब करून त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला.

"हा माझा," ती म्हणाली.

"नाव लिहिलंय वाटतं?"

नाकवालीने ग्लास तोंडाला लावला. डोळे मिटले आणि एका दमात सगळा प्यायली, कारण मधे थांबली असती तर तो वर आला असता. पाणी गार होतं. चव काहीच नव्हती, आणि तेच भयंकर होतं. घोट खाली उतरत होता तसा तिला आतून त्याचा रस्ता कळत होता. तिने रिकामा ग्लास ठेवला, ओठ दातांत दाबून बसली, आणि पाणी तिथेच राहावं म्हणून भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघत राहिली. मुकादमबाईंचा जुडगा दारात एकदा वाजला.

मालकीणबाईंनी काठी गुडघ्यावर आडवी ठेवली. "पुसलेला होता?"

नाकवालीने मान डोलावली.

"कमोडच्याच फडक्याने?"

पुन्हा मान.

"चाळीस वर्षं झाली," मालकीणबाई अगदी सहज म्हणाल्या. "मी यातला एक घोट कधी गिळलेला नाही. ओठाला लावते आणि ठेवते. सासऱ्यांच्या वेळी मीसुद्धा याच मजल्यावर खोल्या केल्यात. मला शिकवतेस?"

"मग हे पाणी कशाला?"

"बाई घाबरलीय का ते बघायला. घाबरलेली बाई निदान चादर तरी बदलते." त्या उठल्या. "बारा होतात ना हिच्या? द्या कागद."

मुकादमबाईंनी कागद दिला, म्हातारीने सही केली, आणि ग्लासकडे पुन्हा न बघता निघून गेली. म्हणजे बघा, खालपासून वरपर्यंत, झटपटपासून मालकिणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पीत होते ते पाहुणे, पाहणीपुरत्या बायका, आणि आता ही. नाकवालीने कागद कोरड्या टेबलावर ठेवला, न्हाणीत गेली आणि हॉटेलच्या साबणाच्या वडीने जीभ घासली.

शुक्रवारी ती पाच फडकी घेऊन आली. दोन वाजेपर्यंत आठ खोल्या झाल्या. मुकादमबाई कमरेवर हात देऊन उभ्या. "काल बारा होत्या."

"काल कायम नव्हते."

कायम झालेल्या बाईला हळू हात चालतो म्हणून काढता येत नाही, त्याला कागदावर कागद लागतात आणि मुकादमबाईंना लिहायचा कंटाळा. पण सूड घ्यायला कागद लागत नाही. खोल्या आठच ठेवल्या, वर धक्क्यावरचे पाहुण्यांचे सार्वजनिक संडास तिच्या गळ्यात घातले, रोज दुपारी, दोन ते चार. बोटीतून उतरलेली, डोलून डोलून पोटात ढवळलेली माणसं आधी कुठे धावतात ते तुम्हीच ताडा. नाकवाली नाकाला फडकं बांधून जाते. सहावं फडकं, त्याला काळा दोरा.

रविवारी बिऱ्हाड हलवलं. आचाऱ्याच्या घराच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षांचं तेल भिंतीवर चिकटलं होतं, नख ओढलं की पिवळी सुरळी निघायची. नाकवाली सकाळपासून ते खरवडत शी शी करत होती. पण फरशी कोमट होती. सासूबाईंना आधी खुर्चीत बसवलं, मग त्या स्वतःच म्हणाल्या, जरा आडवी होऊन बघते. आडव्या झाल्या. पेटी वाजली, हळू झाली, थांबली. तीन तास झोपल्या, तोंड उघडं टाकून, लाळ उशीवर. नाकवाली दोनदा जवळ जाऊन श्वास बघून आली आणि दोन्ही वेळा लाळ बघून नाक मुरडून परतली.

जाग आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "मिळवलंस कसं गं हे घर?"

"पाणी पिऊन."

"म्हणजे?"

मग तिने सगळं सांगितलं. फडकं, क्रम, त्या पाहुण्याचं पोट, ग्लास, घोट. काही वगळलं नाही. मिस्त्री मधेच उठून बाहेर गेला. सासूबाई मात्र शेवटपर्यंत ऐकत होत्या, डोळे छताला लावून. मग बाहीने डोळे पुसले, त्याच बाहीने नाक पुसलं, आणि हिच्याकडे कूस वळवली.

"तरीच," त्या म्हणाल्या. "गुरुवारपासून तोंडाला वास येतोय तुझ्या."

नाकवाली उठली आणि दात घासायला गेली.